वैखरीचे वीस शब्द

१ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

गेली एकतीस वर्षं गॅलरीतली डावीकडून दुसरी दोरी माझ्या पंच्याची आहे. करार लेखी नाही, पण सर्वमान्य आहे. सिद्धार्थ जन्मला तेव्हासुद्धा त्या दोरीवर कोणी हक्क सांगितला नव्हता. आज अंघोळ करून बाहेर आलो, तर दोरीवर अकरा लंगोट. मी ओला पंचा हातात घेऊन उभा, आणि अकरा लंगोट वाऱ्यावर डोलतायत. उर्मिलेकडे तक्रार नोंदवली. म्हणाली, अहो, माकड तुम्ही आणलंत, दोरीसुद्धा तुमचीच जाणार.

माकड नव्हे. चिंपांझी. पाच दिवसांत चौदा वेळा सांगून झालं.

पंचा खुर्चीच्या पाठीवर टाकला. वाळला नाही. भाषाविज्ञानाच्या इतिहासात या पंच्याचा उल्लेख येणार नाही, म्हणून इथे करून ठेवतो.

२ ऑक्टोबर

सुट्टी. संकल्पाला योग्य दिवस. रोज लिहायचं. उर्मिलेशी वाद घालायचा नाही. मार्चअखेर चाळीस शब्द.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो, पुढे आत्मचरित्रात लागेल. विमानतळावर एका बॅगेत तीन पिल्लं सापडली. दोन गेली. तिसरं जगलं, मादी, वय साधारण तेरा महिने. ते आलं वाणी संशोधन प्रतिष्ठानकडे. त्यांची योजना अशी: पिल्लू माणसाच्या घरात माणसासारखं वाढवायचं आणि हाताच्या खुणांनी त्याला भाषा शिकवायची. घर हवं होतं, घरात भाषाशास्त्रज्ञ हवा होता. प्रकल्पाची प्रमुख डॉ. ऋता माझी जुनी विद्यार्थिनी. म्हणाली, सर, तुमच्याशिवाय कोण आहे? (उर्मिलेच्या माहितीप्रमाणे तिने आधी सात जणांना विचारलं होतं. उर्मिलेची माहिती तपासलेली नाही.)

अट: ३१ मार्चपर्यंत वीस शब्द. प्रत्येक शब्दाच्या नोंदीवर माझी सही आणि दुसऱ्या एका साक्षीदाराची. वीस झाले नाहीत तर घर बंद आणि पिल्लू भोईवाड्यामागे प्रतिष्ठानच्या प्राणिघरात. तिथे एकेकट्याचे पिंजरे. खिडकी नाही. ऋताने हे दोनदा सांगितलं. मी म्हटलं, तो प्रश्नच येणार नाही.

नाव ठेवलं वैखरी. म्हणजे उच्चारलेली वाणी. तळमजल्यावरचा प्रफुल्ल, सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणाला, वा! साउथची आहे का?

५ ऑक्टोबर

सांभाळायला बाई मिळाली. शेवंतीबाई परब, घोडपदेवहून येतात. नवरा गिरणीत होता, आता नाही. स्वतःची चार मुलं वाढवली आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अर्धी चाळ. वैखरी त्यांना बघताक्षणी जी चिकटली ती सहा तास सुटली नाही. बाईंनी तिला कमरेवर घेऊन भाकऱ्या केल्या.

त्या तिला चेडू म्हणतात, म्हणजे पोरगी. मी वैखरी या शब्दाचा अर्थ वीस मिनिटं समजावला. शांतपणे ऐकून म्हणाल्या, बरा नाव आसा. मग पिल्लाकडे वळून, ये गो चेडवा.

नियम केला: दहा ते एक अभ्यास, त्या वेळात कोणी उचलायचं नाही. अंगाला चिकटून भाषा येत नाही. सिद्धार्थची उंच खुर्ची माळ्यावरून काढली. पट्टा दुसऱ्या भोकात नीट बसतो.

९ ऑक्टोबर, दुपारी १.२०

पहिला शब्द: दूध. खूण: मूठ उघडायची, मिटायची. पद्धत: बाटली समोर धरायची, खूण केल्याशिवाय द्यायची नाही. पन्नास मिनिटं धरली. ओठ पुढे काढून हू-हू रडली. स्वयंपाकघरात शेवंतीबाई गरजेपेक्षा जास्त आवाज करून भांडी घासत होत्या. मीसुद्धा त्या वेळात काही खाल्लं नाही. (साडेअकराला चहा आणि दोन बिस्किटं. ॲसिडिटीसाठी.)

निष्पत्ती: डाव्या अंगठ्याला चावली. इंजेक्शन.

उद्यापासून एक तास.

१७ ऑक्टोबर

घात! शेवंतीबाई रोज पावणेदहाला मोरीच्या दाराआड तिला दूध पाजतात. म्हणजे माझी आठ दिवसांची निरीक्षणं भरल्या पोटाची. फुकट. बाईंना जाब विचारला. म्हणाल्या, साहेब, न मागता दिला तर दूध काय नासता?

उर्मिला हसली. मी तिच्याशी वाद घातला नाही. संकल्प पाळला.

बाटली आता माझ्या कपाटात. किल्ली जानव्याला.

२९ ऑक्टोबर

एक वाईट सवय लागली आहे. तळहाताने स्वतःच्या डाव्या खांद्यावर थापटते. तसं केलं की शेवंतीबाई तिला उचलून घेतात. दोघींनी आपापसात ठरवलेलं दिसतं, कोणी शिकवलं नाही. खूण यादीत नाही. प्रतिसाद द्यायचा नाही अशी बाईंना ताकीद दिली.

आज माझ्यासमोर अकरा वेळा थापटलं. म्हटलं, आधी दूध म्हण, मग उचलतो. ती बघत राहिली. खरं तर मी उचलणारच होतो, एवढा काही मी दगड नाही. तेवढ्यात फोन वाजला. विमा हवा का म्हणून विचारत होते. नको असलेला विमा नाकारायला मला पाऊण तास लागतो.

उचलायचं राहिलं. उद्या.

३० ऑक्टोबर

राहिलं.

९ नोव्हेंबर

ऐतिहासिक दिवस!

संध्याकाळी प्रफुल्ल त्याच्या मेहुण्यांना माकड दाखवायला घेऊन आला. (शब्द त्याचा.) आपल्याकडे घरात मूल असलं की पाहुण्यांसमोर त्याने काहीतरी करून दाखवायचं असतं. सिद्धार्थ सहा वर्षांचा असताना स्टुलावर उभा राहून श्लोक म्हणायचा, प्रत्येक श्लोकाला एक लिमलेटची गोळी. तर प्रफुल्लची बायको सवयीनेच म्हणाली, जय कर, जय कर बाप्पाला! आणि तिने वैखरीचे दोन्ही हात धरून जोडले, तोंडात पेढ्याचा तुकडा घातला. पुन्हा जोडले, पुन्हा पेढा. तिसऱ्या वेळी वैखरीने आपणहून हात जोडले. टाळ्या! मेहुण्यांनी व्हिडिओ काढला.

माझ्या पाच आठवड्यांच्या तपश्चर्येचं हे फळ. जमीन तयार मी केली होती. शब्द पहिला: नमस्कार. साक्षीदार म्हणून प्रफुल्लने सही केली आणि खाली कंसात 'सेक्रेटरी' असंही लिहिलं.

२४ नोव्हेंबर

व्हिडिओ फिरला. आज रविवार, चौतीस माणसं. ठाकुरद्वारहून, खेतवाडीहून. जिन्यात चपला मावेनात. प्रत्येक जण म्हणतो जय कर, ती करते, पेढा मिळतो. तिला जुलाब.

पण अभ्यासातली प्रगती थक्क करणारी! शुक्रवारी बाटली दाखवली, तिने तात्काळ 'दूध' म्हटलं. शनिवारी 'पाणी'. आज 'केळं'. हात तिन्ही वेळा जोडलेलेच होते, हे कबूल. पण दूध म्हणताना ते छातीशी होते, पाणी म्हणताना पोटाशी, आणि केळ्याला थेट कपाळाशी. ही बोली आहे. प्रमाण खुणेत स्वतःचे सूक्ष्म भेद करून तिने स्वतःची बोली घडवली. असं काही आजवर कोणाला आढळलं नव्हतं.

उर्मिलेला दुसरी सही करायला बोलावलं. उभ्या उभ्या दोन मिनिटं बघितलं. म्हणाली, अहो, ती हात जोडतेय. भुकेली आहे, म्हणून सगळ्यांना हात जोडतेय. मी बोलीभेद समजावू लागलो. म्हणाली, मी बँकेत बत्तीस वर्षं सह्या तपासल्या. ही मी करणार नाही.

भाषाविज्ञान हा उर्मिलेचा विषय नाही.

१ डिसेंबर, सकाळी ११

साक्षीदाराचा प्रश्न सुटला. शेवंतीबाई सातवी पास आहेत, महापालिकेची शाळा.

आधी नाही म्हणाल्या. माका दिसला नाय तर सही कशी करू, साहेब? त्यांचा प्रामाणिकपणा मला आवडला. मी दबाव आणला नाही. फक्त वस्तुस्थिती सांगितली: वीस झाले नाहीत तर प्राणिघर, एकटीचा पिंजरा, खिडकी नाही.  त्यांनी विचारलं, थंय तिका उचलूक कोण आसा?

मी म्हटलं, कोणी नाही.

हात पदराला पुसले आणि सही केली. 'शेवंती कुशाबा परब', अक्षर रेखीव. एका सहीला चार मिनिटं. चार शब्दांच्या नोंदी आजच पुऱ्या झाल्या. एका सामान्य बाईला विज्ञानाच्या कामाला लावता आलं, याचं समाधान आहे.

४ जानेवारी

टोरांटोहून सिद्धार्थचा फोन. पंधरा दिवसांतून एकदा करतो, काही हवंय का विचारतो, ठेवतो. आज मात्र विचारलं, किती शब्द झाले? मी म्हटलं, तेरा. म्हणाला, बाबा, मी बोलायला लागलो तेव्हा केवढा होतो?

साडेचार, मी म्हटलं. तू घाई केली नाहीस. पाया पक्का करून मग बोललास.

  म्हणाला, आईला द्या.

जेवताना उर्मिलेने विषय काढला. म्हणे, मी त्याच्यासमोर पाण्याचा पेला धरून बसायचो, 'पाणी' म्हटल्याशिवाय द्यायचो नाही. म्हणे, तो नळाखाली तोंड धरायला लागला. मला आठवत नाही. उर्मिलेची स्मरणशक्ती निवडक आहे.

१९ फेब्रुवारी

सतरा शब्द.

डाव्या हातावरचे केस स्वतःच उपटते. रुपयाएवढा चट्टा पडला आहे. ऋतुमान असावं.

आनंदाची बाब: खांद्यावर थापटणं जवळजवळ बंद. गेल्या पंधरवड्यात एकदाही नाही, निदान माझ्यासमोर. शिस्तीला फळ येतं, फक्त कोणीतरी खंबीर राहावं लागतं. माझं उचलायचं राहिलेलं होतं, तेही आता आपोआप निकालात निघालं.

१४ मार्च

वीस! सतरा दिवस आधी. पहिली सही प्रफुल्लची, उरलेल्या एकोणीस शेवंतीबाईंच्या. विसावी करताना त्यांनी विचारलं, आता ती हयच ऱ्हवतली ना, साहेब? मी म्हटलं, शास्त्रज्ञाचा शब्द आहे.

त्यांनी देवापुढे साखर ठेवली. वैखरीने साखरेला हात जोडले.

२२ मार्च

परीक्षा. आज विस्ताराने लिहितो, कारण अहवालात ऋताची बाजू येईल.

ऋता आणि प्रतिष्ठानचे दोघे. पद्धत अशी की वस्तू खोक्यात ठेवायची, मला दिसता कामा नये, फक्त पिल्लाला दिसावी. मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. ज्याने हिला व्याकरण शिकवलं त्याला.

केळं. हात जोडले. पाणी. हात जोडले. खोक्यात काहीच नाही. हात जोडले. ऋताची चप्पल. हात जोडले. कॅमेऱ्याचा स्टँड कोणाच्यातरी पायाला लागून पडला, त्यालाही जोडले. प्रतिष्ठानचे एक गृहस्थ खुर्चीवर नुसते बसले, त्यांना जोडले. मी भिंतीकडे तोंड करूनच बोलीभेदाचा सिद्धांत सांगत होतो. छाती, पोट, कपाळ. त्यातल्या एकाने विचारलं, सर, चप्पल कुठल्या अवयवाशी?

मी वळलो तेव्हा शेवंतीबाई पाण्याचे पेले घेऊन येत होत्या. वैखरी थांबली. जोडलेले हात सुटले. उजवा हात हळूहळू वर गेला आणि तिने डाव्या खांद्यावर थापटलं.

ऋता म्हणाली, सर, हे काय?

म्हटलं, जुनी सवय आहे. मोडत आणली आहे.

कधीपासून करते?

ऑक्टोबर.

ऋताने पेनाला टोपण लावलं. म्हणाली, सर, हा शब्द आहे. बाकी एकही नाही. हा एकच, आणि तो तिने स्वतः केलेला.

मी यादी पुढे केली. यादीत नाही हे दाखवलं.

शेवंतीबाई ट्रे धरून उभ्या होत्या, माझ्याकडे बघत. परीक्षेची वेळ, दहा ते एकमधली. मी मानेने नाही म्हटलं. नियम तो नियम. वैखरीने चार वेळा थापटलं. बाई हलल्या नाहीत. 

मग वैखरीने शेवंतीबाईंना हात जोडले.

२४ मार्च

प्रतिष्ठानचं पत्र. एकोणीस नोंदी असत्य, खुलासा करावा. अहवाल पूर्ण होईपर्यंत, म्हणजे तीस एप्रिलपर्यंत, माझं नाव प्रकल्पावर राहील. पिल्लू शुक्रवारी नेणार.

खुलासा लिहिला. दीड पान. दुसऱ्या साक्षीदाराला शास्त्रीय निरीक्षणाचं प्रशिक्षण नव्हतं, तिच्या भाबड्या सह्यांवर मी विश्वास ठेवला, असा एकूण सूर. मराठी चांगलं उतरलं आहे.

बाईंना आजच मोकळं केलं. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत ऱ्हवू काय? पैसे नको. मी म्हटलं, प्रतिष्ठानच्या दृष्टीने ते बरं दिसणार नाही. पिशवी उचलली. वैखरी खुर्चीत पट्ट्याने बांधलेली होती, ते एक बरं होतं.

उर्मिला माझ्याशी बोलत नाही. वाद नाहीत.

२८ मार्च

सकाळी दहाला गाडी आली. खोका अरुंद होता, पण ती विरोध न करता आत गेली. ड्रायव्हरला हात जोडले, लिफ्टला जोडले. सगळी बिल्डिंग जिन्यात. बघा, कशी शहाण्यासारखी जय करते! टाटा पण कर गं! प्रफुल्लच्या बायकोने जाळीतून शेवटचा पेढा घातला आणि डोळे पुसले.

एकंदरीत निरोप हृद्य झाला. माणसांनी माझेही हात हातात घेतले.

उर्मिला आली नाही. ती गॅलरीत लंगोट काढत होती.

२ एप्रिल

दोरी मोकळी. पंचा डावीकडून दुसऱ्या जागी. दीड तासात वाळला.

निबंधाला बसलो. 'नमस्कार: एका सर्वसमावेशक चिन्हाचा अभ्यास.' शीर्षक उत्तम. पुढे अजून काही नाही.

७ एप्रिल

शीर्षक बदललं.

१२ एप्रिल, दुपारी

भोईवाड्याला जावं लागलं. वैखरीची कागदपत्रं परत करायची होती. उर्मिलेला म्हटलं, येतेस का? तिने स्वयंपाकघरातला नळ सोडला.

प्राणिघराच्या फाटकाशी पायरीवर शेवंतीबाई बसल्या होत्या. मला बघून उठल्या. त्यांची सवय. वॉचमन म्हणाला, ही बाई आठ दिवस येतेय साहेब, रोज घोडपदेवहून चालत. आत कशी सोडणार? पासवर प्रकल्पाच्या माणसाची सही लागते.

मी प्रकल्पाचा माणूस. मला सोडलं.

तिसरा पिंजरा. ट्यूबलाईट. दोन्ही हातांवर आता केस नाहीत. तिथला माणूस कौतुकाने म्हणाला, लय गुणी आहे हो, सगळ्यांना नमस्कार करते, भिंतीला पण करते. मला बघितलं आणि हात जोडले. मी काही आणलं नव्हतं. तरी जोडलेले ठेवले.

तो माणूस पलीकडे गेला. कोणी नाही हे बघून मी माझ्या खांद्यावर थापटलं. एकदा. मग पुन्हा. ती माझ्या हाताकडे बघत होती. मग तिने जोडलेले हात कपाळाशी नेले.

माझ्या यादीत कपाळाशी म्हणजे केळं.

बाहेर आलो. खिडकीवर पास मागितला, नाव लिहिलं, सही केली, शेवंतीबाईंना दिला. पंधरा मिनिटांचा असतो. त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली आणि जवळजवळ धावत गेल्या. मी त्यांच्या पायरीवर बसलो. पिशवीत दुधाची बाटली होती.

सहा मिनिटांत परत आल्या. पदर नीट केला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, साहेब, माका पण हात जोडल्यान.

 पिशवी दिली. त्या घोडपदेवच्या बाजूला चालायला लागल्या. उद्या येणार का, ते मी विचारलं नाही.

पुन्हा खिडकीवर गेलो. अठरा कोरे पास मागितले. कारकून म्हणाला, एवढे काय करताय सर? मी म्हटलं, द्या. बाकावर बसून प्रत्येकावर 'शेवंती कुशाबा परब' लिहिलं, खाली सही केली, तारखा तीस एप्रिलपर्यंतच्या टाकल्या. वॉचमनकडे दिले, म्हटलं, बाईंना रोज एक देत जा, मी दिले सांगू नका.

सकाळचा एक आणि हे अठरा. एकोणीस सह्या.